हाव

फॉर्मच्या तळाशी, सहीच्या वर, एक ओळ असते :
"वरील मजकूर अर्जदारास ______ भाषेत
समजावून सांगितला व तो त्यास समजला."
रिकामी जागा बोटभर.
तिथे मी अकरा वर्षं "मराठी" लिहीत आले.
खोटं नव्हतं ते.
पुरतं खरंही नव्हतं, हे मला ठाऊक होतं,
शाळेत पहिले दोन महिने
"बाई, बाहेर जाऊ का" एवढंच मला मराठीत येत होतं.

धुडकू भोईचा फॉर्म मी त्याच्या भट्टीवर बसून भरला,
दोंडाईच्यात, मिरचीच्या हंगामात,
जेव्हा अख्खं गाव खोकतं आणि कुणी आजारी नसतं.
कढईत वाळू तापलेली, तो मुरमुरे उडवत होता.
मी डोळ्यांनी इंग्रजी वाचत होते,
मनात त्याचं मराठी करत होते,
तोंडातून निघत होतं ते तिसरंच.
प्रश्न नऊ, ब. श्वसनसंस्थेचे विकार.
"भाऊ, दमा शे का?"
झारा थांबला नाही.
"दम? दम शे ना बहीन!
सकायपाइन चार पोता भाजस."
आम्ही दोघं हसलो.
मी "नाही"वर खूण केली.

पुढच्या सगळ्या प्रश्नांना तो "हाव, हाव" म्हणत गेला,
गोष्ट सांगणाऱ्याला म्हणतात तसं :
चालू दे, मी जागा आहे.

दिवाळीआधी तो गेला.
सरकारी दवाखान्याच्या एका जुन्या चिठ्ठीवर दमा सापडला,
आणि दावा परत आला : माहिती दडवली.

धुळ्याला कंपनीचे वकील नाशिकहून आले होते.
सभ्य माणूस. मला आधी पाणी दिलं.
"अर्जदार हो म्हणाले होते?"
"हाव म्हणाले होते."
"म्हणजे हो."
लघुलेखकाने मान वर केली : हाव कसं लिहू?
म्हटलं, लोभाला लिहितात तसंच.
कुणी हसलं नाही.
पुढे कधी कुणी लांबच्या माणसाने ती प्रत वाचली
तर त्याला वाटेल, मेलेल्याला हाव होती,
किंवा मागे राहिलेल्या बाईला.

मग वेणूबाईला उभं केलं.
"पतीच्या व्याधीविषयी आपणांस पूर्वकल्पना होती काय?"
तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पदराकडे,
आणि मोठ्या माणसाला पाट द्यावा तशा आदराने
म्हणाली, "हाव, साहेब."
वकिलांनी पेनाला टोपण लावलं.

मी उभी राहिले. कुणी विचारलं नव्हतं.
म्हटलं, तिला प्रश्न कळला नाही.
म्हटलं, त्यालाही कळला नव्हता.
म्हटलं, मला कळला होता,
पण महिनाअखेर होती
आणि माझे दोन फॉर्म कमी पडत होते.
अध्यक्षबाईंनी विचारलं, हे नोंदवायचं का?
मी "हाव" म्हणाले.
मग "हो" म्हणाले.

पुढची तारीख मिळाली.
परतीच्या गाडीत वेणूबाईने पिशवीतून पॉलिसी काढली,
मुरमुऱ्यांच्या पुड्याखालून, जराशी तेलकट.
"वाच ना वं. तुनी तं वाचेल व्हई."
मी वाचलेली नव्हती.
पहिल्याच पानावर व्याख्या :
"आम्ही" म्हणजे कंपनी.
"तुम्ही" म्हणजे पॉलिसीधारक.
"आनि आपन?"
मी पानं उलटत गेले.
आपण कुठेच नव्हतं.

चिमठाणे येईस्तोवर दीड कलम झालं.
एकेका वाक्याला ती "हाव" म्हणे
आणि एकेका हावला मी अडून बसे :
हाई कोनतं हाव? ऐकानं का समजानं?
शेवटी चिडली.
"तू वाच. समजनं नही तं मी उगी ऱ्हासू."

मी पुढचं वाक्य वाचलं.
ती उगी.
त्याच्या पुढचं वाचलं.
खिडकीतून मिरचीचा खाट आला, कंडक्टर शिंकला,
मी वाचत होते.